अण्णांचा उजवा पाय आणि नॉर्वेच्या बाई

बाईंना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, पाय राहत. रत्नागिरीच्या बाजारात एखादा माणूस हसत हसत समोर येऊन "काय बाई, कधी आलात?" म्हणाला, की बाई त्याच्या तोंडाकडे परक्यासारख्या बघत, मग नजर खाली सोडत आणि एकदम खुलत. "अरे, तू! डाव्या टाचेची भेग भरली का?" हे भर मासळी बाजारात, चारचौघांत, खणखणीत आवाजात. तो बिचारा हातातली पिशवी सावरत पाय मागे घेई. मी बाजूला उभी राहून मनात म्हणे, धरणीमाते, पोटात घे गं एकदाची.

मी त्यांची दुभाषी होते. म्हणजे कागदोपत्री. खरं तर बाईंना मराठी येत होतं. वीसेक वर्षं त्या दर हिवाळ्यात नॉर्वेहून येत होत्या आणि मिशनच्या वसतिगृहातल्या मुलींकडून, मासे विकणाऱ्या बायकांकडून, एसटीच्या कंडक्टरांकडून जे कानावर पडलं ते त्यांनी उचललं होतं. त्यात 'तुम्ही' नव्हतं. सगळ्या जगाला 'तू'. परदेशी नागरिकांची नोंद करायला आम्ही पोलिसांच्या कचेरीत गेलो, तेव्हा तिथल्या साहेबांना बाई म्हणाल्या, "तू सही कर. मला काम आहे." मी घाईघाईने म्हटलं, "साहेब, बाई म्हणतायत, आपण कृपा करून सही केलीत तर बरं होईल." साहेब हसले. "कळलं मला, मराठीतच बोलल्या त्या." तर माझं काम हे असं. बाईंच्या मराठीचं मराठीत भाषांतर.

ही नोकरी मला मिळाली ती वसतिगृहाच्या अधीक्षिकांमुळे. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि घरी बसून आईचं डोकं खात होते. आमचं घर बौद्धवाडीत, मिशनपासून तीनेक किलोमीटरवर, मधे एक चढण आणि बाकी सगळा कातळ. वडील, म्हणजे आमचे अण्णा, एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाले तरी पहाटे चारला उठायची सवय गेली नव्हती. मी मिशनमध्ये काम करू का विचारलं तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला. "काम कर. कामाला काय, कुठलंही चांगलंच. प्रार्थनेला बसायचं नाय." मी म्हटलं, "नाही बसणार." तेवढ्यावर विषय संपला.

दर वर्षी डिसेंबरात नॉर्वेच्या कुठल्याशा चर्चकडून दहा-बारा जणांचा गट यायचा. बहुतेक विशी-पंचविशीतली पोरं. त्यांचा दिवस ठरलेला. सकाळी सहाला गिटार आणि गाणी, मग डब्यातून आणलेली लापशी, मग वसतिगृहाला रंग दे, संडासाची भिंत बांध, मुलींना खेळ शिकव. पाणी उकळलेलं, पुन्हा गाळलेलं, वर त्यात गोळी. दुपारी बारानंतर सगळी पोरं जांभ्याच्या जुन्या इमारतीत पंख्याखाली आडवी, लालबुंद होऊन. संध्याकाळी गोल करून बसायचं आणि प्रत्येकाने सांगायचं, आज देवाने मला काय दाखवलं. कुणी म्हणे, लहान मुलाच्या हास्यात प्रेम दाखवलं. कुणी म्हणे, मावळतीच्या समुद्रात शांती दाखवली. बाईंची पाळी आली की बाई म्हणत, "चिखल्या. एका बाईच्या तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मधे. फार वाईट." की पुढच्याची पाळी.

बाई सत्तरी ओलांडलेल्या, उंच, हाडापेराने मजबूत. आयुष्यभर नर्स होत्या आणि बाप मच्छीमार. त्यामुळे गटातली पोरं ज्या वासाने नाकाला रुमाल लावत, त्या मिरकरवाड्याच्या जेटीवर बाई माहेरी आल्यासारख्या फिरत. जेवायला बसल्या की बांगड्याचं डोकं सोडत नसत. डिसेंबर असो की मार्च, पायात मोजे आणि त्यावर जाड सँडल. घामाने मोजे भिजत, तरी काढत नसत. मी एकदा म्हटलं, "बाई, काढा की, आंघोळ झालीय नुसती पायांची." त्या म्हणाल्या, "तू तुझं बघ."

त्यांचं काम एकच, पाय बघणं. साखरेच्या रोग्यांचे पाय, शेतात राबणाऱ्यांचे, आंब्याच्या बागेत अनवाणी फिरणाऱ्यांचे. भेगा, चिखल्या, कुरुपं, कुजलेली नखं, बरी न होणारी जखम. मिशनच्या पडवीत मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी बाई बसत. हाताखाली कोमट पाणी, साबण, मऊ फडकी. प्रत्येक पायाखाली जुना पेपर ठेवून पेन्सिलीने पायाची रेघ मारून घेत आणि जखम जिथे असेल तिथे फुली. वर नाव नाही, गाव. "राजापूर, उजवा." "हातखंबा, दोन्ही." ह्या कागदांची चळतच्या चळत त्यांच्या खाटेखाली असे, आणि कुठल्याही कागदावरून त्या माणूस सांगत.

गटाचा प्रमुख एक तरुण पाद्री होता, स्वभावाने गोड, पण त्याला दर आठवड्याला मायदेशी अहवाल पाठवावा लागे. किती लोकांपर्यंत पोचलो, वगैरे. बाईंनी लिहून दिलं, "एक्केचाळीस पाय." तो म्हणाला, "बेचाळीस असतील, पाय जोडीने असतात." बाई म्हणाल्या, "एकाला एकच होता." आणि फोटोची तर बातच नको. पोरं मोबाईल घेऊन पडवीत आली की बाई दरडावत. "दुखणाऱ्या पायाचा फोटो नाही. निघ."

पडवीचं हे तंत्र सहज जमलेलं नव्हतं. अधीक्षिका सांगत, अगदी सुरुवातीच्या वर्षी बाई खाली जमिनीवर बसल्या, समोर खुर्चीत पेशंट, आणि त्याच्या पायाला हात घातला. पेशंट साठीचा कुणबी शेतकरी. तो ताडकन उठला. "अरे बापरे, काय करताव बाई! पावन्या मान्सानं माज्या पायाला हात लावायचा? पाप लागंल मना!" आणि उलट त्यानेच वाकून बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. बाईंना वाटलं, हा इथला नमस्कार. त्यांनीही वाकून त्याच्या पायांना हात लावला. तो अजून खाली. पुढे रांगेतला प्रत्येक जण पाय दाखवण्याआधी आणि दाखवल्यावर बाईंच्या पाया पडू लागला. एक म्हातारी दुखऱ्या पायावर तोल जाऊन बादलीतच पडली. दुपारपर्यंत सात जण झाले आणि बाईंची कंबर धरली.

दुसऱ्या आठवड्यात बाईंनी काय केलं, तर आसपासच्या घरी जाऊन नुसत्या बसल्या. घरात पाहुणा आला की पहिल्यांदा काय होतं? तांब्या पुढे येतो. "पाय धुवा." उन्हातून आलेल्या माणसाच्या पायावर पाणी घालणं ह्यात कुणाला पाप लागत नाही, उलट नाही घातलं तर बोलणी बसतात. बाईंनी ते बरोब्बर हेरलं. पडवीच्या पायरीवर त्या तांब्या घेऊन उभ्या राहू लागल्या. "ये, पाय धू." माणूस आपसूक पाय पुढे करी. धुता धुता बाई साबण लावत, फडक्याने पुसत, आणि बोलता बोलता पाय त्यांच्या मांडीवर आलेला असे. त्याला कळेपर्यंत कुरूप निघालेलं असे.

पायातला स्पर्श शाबूत आहे का, हे बघायची त्यांची एक युक्ती होती. नॉर्वेहून त्या ह्या कामासाठीचा एक नायलॉनचा तंतू आणत, तो एकदा हरवला. बाई थेट जेटीवरच्या दुकानात गेल्या आणि तंगूस मागितली, गळाला लावतात ती मासेमारीची दोरी. जाड, बारीक, मधली, सगळ्या बोटावर दाबून दाबून पाहिल्या. दुकानदार म्हणाला, "बाई, कुठला मासा धरायचाय?" बाई म्हणाल्या, "माणूस." त्यातल्या एका तंगुशीचा वीतभर तुकडा पुढे कायम त्यांच्या खिशात. पेशंटने डोळे मिटायचे, बाई तंगुशीचं टोक तळपायावर वाकेपर्यंत दाबत, लागलं की त्याने "हो" म्हणायचं. जिथे "हो" येत नाही, तिथला पाय मुका झालाय. काटा रुतला तरी तो सांगणार नाही.

स्वभाव म्हणाल तर तापट. चुकीच्या चपलांशी त्यांचं हाडवैर होतं. दुबईहून लग्नासाठी आलेला एक तरुण आपल्या आईला दाखवायला घेऊन आला होता. आईचा पाय झाल्यावर बाईंची नजर त्याच्या टोकदार, चकचकीत नव्या बुटांवर गेली. "काढ." त्याने काढला. करंगळी सोलून निघालेली. मी तोंड उघडायच्या आत बाईंनी कात्री घेतली आणि बुटाच्या बाजूला गोल भोक पाडलं. "आता घाल." तो किंचाळला, "अहो, परवा निकाह आहे माझा!" बाई म्हणाल्या, "हो. लंगडत जाऊ नको." त्या माउलीने पदराआड हसू दाबलं, पण मुलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि त्या दिवशी त्याची समजूत घालता घालता मला घाम फुटला. बाईंना त्यात आपलं काही चुकलं असं वाटलं नाही. मला मात्र वाटलं, आणि आजही वाटतं, की विचारायला हवं होतं.

आमच्या वाडीत, आजूबाजूच्या गावांत कुजबुज होतीच. मोबाईलवर काहीबाही फिरत असे. पाय धुतात आणि मग धर्म विचारतात, असं. मलाही तो किडा होताच डोक्यात. एके दिवशी बाई फडकी वाळत घालत होत्या, मी सरळ विचारलं, "बाई, तुम्ही आम्हाला ख्रिस्ती करायला येता का?"

बाईंनी फडकं झटकलं. "मी पाय बघायला येते."

"मग मिशन कशाला?"

"माझा देव पाय धूत होता. मला ते आवडलं. म्हणून मी येते. कुणी विचारलं तर सांगते. तू आत्ता विचारलंस, सांगितलं. अजून काही विचारायचं आहे?"

"नाही."

"मग ते दुसरं टोक धर."

पाय धुताना त्यांचे ओठ हलत, तेही मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, देवाला सांगते, ही टाच बघ, मला दिसत नाही नीट. एवढीच त्यांची प्रार्थना.

आता खरं सांगायचं ते. चार हिवाळे मी त्या पडवीत उभी होते. शेकडो लोकांना मी बाईंचं बोलणं समजावून सांगितलं. साखर असेल तर रोज तळपाय बघा, आरसा धरून बघा, घरच्यांना दाखवा, चप्पल घालण्याआधी आत हात फिरवा. आणि माझ्या घरात अण्णांना दहा वर्षं साखर होती आणि त्यांचा तळपाय मी कधी पाहिला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

अण्णांचं एक तत्त्व होतं. आमच्या घरात कुणी कुणाच्या पाया पडत नाही. लग्न असो, परीक्षा असो, जय भीम म्हणायचं आणि हातात हात द्यायचा. माझ्या आजोबांच्या बापाला दुसऱ्याच्या अंगणाबाहेर, चपला ठेवतात तिथे बसावं लागे. हे अण्णांनी लहानपणी ऐकलेलं आणि ते त्यांच्या मनात खोल रुतलेलं. ते म्हणत, "छप्पन साली आपण ते सोडलं. मानसानं मानसाच्या पायाशी बसायचं नाय. आपण दुसऱ्याच्या नाय, दुसऱ्यानं आपल्या नाय." त्यामुळे बाईंच्या कामाबद्दल त्यांना आदर होता, पण ते पाहणं त्यांना सोसत नसे. मला स्कूटरवरून न्यायला आले तरी फाटकाच्या बाहेर थांबत.

असेच ते एका शुक्रवारी फाटकाबाहेर उभे होते. बाई मला काहीतरी द्यायला मागून आल्या आणि मधेच थबकल्या. अण्णांच्या उजव्या पायात मोजा होता, वर चप्पल. मार्चचं ऊन. बाईंनी अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. "हा कुणाचा पाय आहे?"

"माझ्या वडिलांचा."

"तो बाहेरच्या कडेवर उभा आहे. मंगळवारी आण."

घरी जाऊन मी मोजा काढायला सांगितला. अण्णा चिडले. साधं खरचटलंय म्हणाले. आईला विचारलं, तर ती रडायलाच लागली. पंधरा दिवस जखम आहे, वास येतोय, पण दाखवतच नाहीत. आणि कारण आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मोठ्या काकांचा पाय मुंबईला अशाच जखमेपायी गुडघ्याखाली कापला होता आणि ते महिन्याभरात गेले. अण्णांना डॉक्टर म्हणजे करवत वाटत होती. तीस वर्षं घाटात गाडी चालवलेला माणूस, क्लच-ब्रेकवर ज्यांनी हजारो माणसं सुखरूप पोचवली, ते एका मोज्याच्या आड पाय लपवून बसले होते. मंगळवारी अण्णा आले नाहीत. शुक्रवारीही नाहीत. बाईंनी मला विचारलं नाही. माझा जीव मात्र टांगणीला लागला होता, कारण पडवीत मी दर वेळी बघत होते, ह्या जखमा दोन आठवड्यांत कुठवर जातात.

रविवारी त्यांचं चर्च सुटल्यावर बाई एसटीने आमच्या फाट्यावर उतरल्या आणि चढण चढून चालत घरी आल्या. एकट्या. अण्णांनी खुर्ची दिली, आईने तांब्या पुढे केला, चहा झाला. अण्णा पाहुणचारात कुठे कमी पडले नाहीत. मग बाई म्हणाल्या, "पाय दाखव."

ह्या 'तू'ने अण्णा जरासे ताठ झाले. पण शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचं काम मोठं आहे. पण मी कुणाला माझ्या पायाशी बसू देणार नाही. तुम्ही तर माझ्यापेक्षा वयाने मोठ्या." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, आजोबांचा बाप, अंगण, चपला. माझ्याकडे बघून म्हणाले, "सांग त्यांना नीट, इंग्रजीत सांग." मी सांगितलं. आयुष्यात एवढं कठीण भाषांतर मी केलं नाही.

मला वाटलं, बाई आता समजावतील किंवा चिडतील. आई म्हणाली, "अहो, एवढ्या लांबनं आल्यायत, दाखवा की." बाईंनी तिला हातानेच गप्प केलं. त्यांनी अंगणाकडे, दारातल्या चपलांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे."

अण्णांना हे अपेक्षित नव्हतं.

"मी पायाशी बसणार नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी आपली खुर्ची ओढून अण्णांच्या खुर्चीसमोर आणली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. आणि वाकून स्वतःचे सँडल काढले, मग मोजे. चार वर्षांत मी जे पाय पाहिले नव्हते ते त्यांनी उचलून अण्णांच्या मांडीवर ठेवले. डाव्या पायाला तीनच बोटं होती. उजव्याचा अंगठा वाकडा होऊन शेजारच्या बोटावर चढलेला. "लहान होते. होडीत बापाबरोबर. थंडीने गेली दोन. मी कुणाला दाखवत नाही. लाज वाटते. आधी तू बघ." आणि खिशातून तंगूस काढून अण्णांच्या हातात दिली.

अण्णा त्या पायांकडे बघत राहिले. मग हळूच त्यांनी डाव्या पायाच्या टाचेखाली हात धरला. बाईंनी डोळे मिटले. अण्णांनी तंगूस टेकवली. "हो." दुसरीकडे टेकवली. "हो." तिसऱ्या वेळी अण्णांनी तंगूस नुसतीच हवेत धरली, खरंच कळतंय का बघायला. बाई गप्प. मग डोळे मिटूनच म्हणाल्या, "लबाड." अण्णा हसले. किती दिवसांनी हसले होते ते.

"आता माझी पाळी," बाई म्हणाल्या. अण्णांनी मोजा काढला आणि पाय उचलून बाईंच्या मांडीवर ठेवला. वास आला. आईने तोंडाला पदर लावला. अंगठ्याच्या बुडाशी तळपायाला रुपयाएवढी काळी जखम होती. बाईंनी जखमेकडे पाहिल्यासारखंही केलं नाही. "डोळे मिट. लागलं की 'हो' म्हण."

अण्णांनी डोळे मिटले, ताठ बसले. बाईंनी अंगठ्यावर तंगूस दाबली, ती वाकली. मग करंगळीवर. मग चवड्यावर, तीन ठिकाणी. मग टाचेवर. प्रत्येक वेळी तंगूस वाकत होती आणि अण्णा शांत बसलेले, कान देऊन. मी मोजत होते. सहा जागा झाल्या.

मग अण्णा डोळे मिटूनच म्हणाले, "बाई, करा की सुरू."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. बाईंनी त्यांच्या देखत पुन्हा अंगठ्यावर तंगूस दाबली, वाकेपर्यंत. "पुन्हा," अण्णा म्हणाले. त्यांनी पुन्हा दाबली. "पुन्हा." असं चार वेळा. मग बाईंनी खाली पडलेली अण्णांची चप्पल उचलली, आत बोट फिरवलं आणि एका जागी थांबल्या. तळातून एक खिळा वर आला होता. अण्णा तीन आठवडे त्या खिळ्यावर चालत होते.

"कापणार का पाय?" अण्णांनी विचारलं. आवाज अगदी लहान मुलासारखा झाला होता.

"बोट जाईल, बहुतेक. पाय राहील. पण डॉक्टरकडे उद्या. परवा नाही."

"खोटं नाय ना?"

"खोटं बोलायला जास्त मराठी लागतं," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्याबरोबर रत्नागिरीत डॉक्टरांकडे गेले. अंगठा गेला. पाय राहिला. पण जखम भरायला महिने लागणार होते, आणि बाईंचा व्हिसा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपत होता. तोपर्यंत एक दिवसाआड बाई चढण चढून येत. दोन खुर्च्या समोरासमोर. अण्णांनी नियमच केला होता, आधी बाईंचे पाय बघायचे, मग आपला दाखवायचा. बाईंच्या टाचेला भेग दिसली तर अण्णा रागावत. "लोकांना सांगता, मग आपलं कोण बघणार?" बाई मुकाट्याने मलम लावून घेत. मला म्हणाल्या, "तुझा बाप फार कडक आहे."

जाण्याच्या आदल्या दिवशी बाईंनी पट्टी माझ्या हातात दिली. "आजपासून तू." चार वर्षं मी त्या पडवीत तोंडाने काम केलं होतं. एकाही पायाला मी हात लावला नव्हता. बाईंना हे माहीत होतं, आणि मलाही. अण्णा म्हणाले, "पोरीनं बापाच्या पायाशी बसायचं नाय." मी बाईंची खुर्ची ओढली आणि समोर बसले. बाई मागे उभ्या राहून एकेक सांगत होत्या आणि मधेच दरडावत होत्या. पट्टी वाकडी झाली, सोडून पुन्हा बांधायला लावली. तिसऱ्यांदा जमली. ऑगस्टात जखम भरली.

पुढचे दोन हिवाळे बाई आल्या. अण्णांना खास बूट मिळाले होते, ते घालून चालत. तरी मिशनच्या फाटकाच्या आत ते कधी आले नाहीत. पहिल्यासारखेच बाहेर थांबत आणि बाईच बाहेर येऊन त्यांना बूट काढायला लावत, रस्त्यावर, स्कूटरवर बसल्या बसल्या. येणारे-जाणारे बघत. मग बाईंना दगदग झेपेना, त्या आल्या नाहीत. फोनवर बोलत, आणि दर वेळी पहिलं वाक्य, "पाय?" गेल्या जानेवारीत त्यांच्या भाचीचा निरोप आला. बाई झोपेतच गेल्या.

मी अण्णांना सांगितलं. संध्याकाळी विहारात जाऊन बसले, उशिरा आले. मिशनमध्ये रविवारी बाईंसाठी प्रार्थना ठेवली होती, मी म्हटलं, मी जाऊन येते. अण्णा म्हणाले, "मी पण येतो." मी स्कूटर काढायला लागले, तर म्हणाले, "तू जा पुढे."

मिशनच्या चर्चमध्ये बरीच माणसं आली होती. कुणबी, मुसलमान, आमच्या वाडीतलेही काही. पाद्रींनी विचारलं, कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का. मागच्या बाजूला बाक सरकल्याचा आवाज झाला. मी वळून पाहिलं. दारातून अण्णा आत येत होते. शर्ट घामाने भिजलेला, बुटांवर कातळाची लाल धूळ. ते पुढे गेले, लोकांकडे तोंड करून उभे राहिले, आणि त्यांना काही सुचेना. एसटीत घोषणा करायची सवय कंडक्टरला असते, ड्रायव्हरला नसते.

"जय भीम," अण्णा म्हणाले. "मी तुमच्या धर्माचा नाय. मला प्रार्थना येत नाय. मी घरापासून इथपर्यंत चालत आलोय. दोन्ही पायांनी. बाईंना एवढंच सांगायचं होतं."